शालोम म्हणजे भरपाई



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी बिडी कामगारांच्या मजुरीवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी सांगितलेला विषय ऐकून त्यांतील एक गृहस्थ हसले आणि म्हणाले, "भाऊ, लाखनीत यहुदी कोण आहे?" त्यांचे म्हणणे रास्त आहे. माझ्या माहितीत तरी आपल्या गावात यहुद्याचे एकही घर नाही. मी स्वतः हिब्रू शिकलेला नाही. शाळा सातवीत सुटली आणि पुढचे शिक्षण ग्रंथालयाच्या बाकावर व मोर्चाच्या वाटेवर झाले. तरीही हा विषय मी घेतला, याचे कारण असे की, आयुष्यातील एका वाईट काळात मला या ग्रंथाने एक शब्द दिला. त्या शब्दाची उतराई व्हावी, म्हणून आज मी आपल्यापुढे उभा आहे.

ज्या ग्रंथाला ख्रिस्ती मंडळी 'जुना करार' म्हणतात, तोच यहुदी लोकांचा मूळ धर्मग्रंथ होय. त्याला ते तनाख म्हणतात आणि त्यातील पहिल्या पाच पुस्तकांना तोरा. हा ग्रंथ मराठीत फार पूर्वीच आला. पंडिता रमाबाईंनी तर मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. त्यांच्या निधनानंतर 1924 साली ते प्रसिद्ध झाले. मी ग्रंथ वाचला तो मराठीतूनच. पण त्यातील मर्म मला उलगडले ते एका बेने इस्रायल गृहस्थांमुळे, आणि तेही अलिबागेस.

शनिवार तेली

कामगारांच्या एका शिबिरासाठी मी अलिबागेस गेलो होतो. तेथे इस्रायल आळी नावाची आळी आहे आणि त्या आळीत 'मागेन आबोथ' नावाचे यहुदी प्रार्थनामंदिर आहे. मी बाहेर घुटमळत होतो, तोच एक वृद्ध गृहस्थ आले व त्यांनी चक्क आपल्या मराठीत विचारले, "आत यायचंय का?" परका धर्म, परकी लिपी आणि भाषा मात्र आपली! त्या दुपारी त्यांनी मला आपल्या लोकांची हकीकत सांगितली. पुढे मी तिच्याविषयी मिळेल ते वाचले.

त्यांची परंपरा असे सांगते की, शेकडो वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्यावर एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते अलिबागजवळ नवगाव येथे पुरण्यात आली. वाचलेल्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. त्यांच्या तोंडी उरली फक्त 'शेमा', म्हणजे देव एकच आहे असे सांगणारी छोटी प्रार्थना. या लोकांनी कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तेलाचे घाणे घातले. ज्या गावी राहिले त्या गावाचे आडनाव घेतले : पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, किहीमकर. गावकऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' असे नाव दिले, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे.

पुढे दाविद राहाबी नावाचा एक विद्वान यहुदी तेथे आला. त्याला वाटले, हे आपलेच लोक असावेत. आख्यायिका अशी की, खात्री करून घेण्यासाठी त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी पर व खवले असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे शिजवण्यास नकार दिला. तोराचा नियम तोच आहे. पुस्तक बुडाले होते, पण नियम चुलीपाशी जिवंत राहिला होता. विद्येचा मक्ता पुस्तकांपाशीच असतो असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

ग्रंथाशी त्यांची पुन्हा गाठ पडली आणि तीही मराठीतून. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. 1880 च्या सुमारास तर बेने इस्रायलांनी आपले कीर्तन सुरू केले. तेथे आख्यान अब्राहामाचे किंवा मोशेचे, पण चाली व थाट हरिदासी. त्यांच्या घरी मंगलप्रसंगी किंवा नवस फेडताना 'मलिदा' होतो. ताटात भिजवलेले पोहे, खोबरे, साखर व फळे मांडतात, एलियाहू हन्नबी या प्रेषिताचे स्मरण करतात आणि मग तो प्रसाद सर्वांना वाटतात. आपला जिल्हा धानाचा, म्हणून सांगतो : या लोकांचा आशीर्वाद पोह्यांवर उतरतो. मग त्यांना परके कसे म्हणावे?

सातवा दिवस कोणाचा

आता त्या शनिवाराविषयी. तोरा सांगते की, सहा दिवस काम करावे आणि सातव्या दिवशी थांबावे. हा विसावा केवळ धन्यासाठी नाही. त्यात मुलगा व मुलगी, दास व दासी, बैल व गाढव आणि दारी आलेला परदेशीही येतो. पाचव्या पुस्तकात त्याचे कारण दिले आहे : तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, हे विसरू नका. म्हणजे सुट्टी ही दया नाही. ती गुलामगिरीची आठवण ठेवणाऱ्या माणसाने दुसऱ्याचे चुकते केलेले देणे आहे. कोकणातील तेल्याचा घाणा शनिवारी थांबे, तेव्हा त्याचा बैलही थांबे.

आपल्याकडे कामगाराला हा दिवस कसा मिळाला? जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्या गोळा केल्या. त्यांच्या मागण्यांत रविवारच्या सुट्टीची मागणी होती. मुंबईच्या गिरणीमालकांनी ती 10 जून 1890 रोजी मान्य केली. म्हणजे तोरातील नियम परळच्या कामगाराच्या पदरात पडण्यास तीन हजार वर्षे नव्हे, तर एक संघटना लागली! मी हे गमतीने म्हणत नाही. पोथीत नियम असतो, पण तो अमलात आणण्यासाठी माणसे एकत्र यावी लागतात.

याच ग्रंथात मजुरीचाही नियम आहे. मजुराचा रोज रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावा, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात गुंतलेला आहे. मग तो मजूर आपला असो की परका. आपल्या देशात 1936 च्या कायद्याने लहान कारखान्यातील पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावा असे ठरवले. तोराची मुदत सूर्यास्ताची होती! अर्थात ग्रंथ जुना आहे. त्यात गुलाम बाळगण्याचे नियमही आहेत आणि आजच्या माणसाला ते खटकणारच. मला ते खटकतात. पण धान्य घेताना आपण कोंडा पाखडतो, सूप फेकून देत नाही.

दोन शब्द

आता मी मूळ शब्दाकडे येतो. अलिबागेच्या त्या गृहस्थांना मी निरोप घेताना नमस्कार केला. ते म्हणाले, "शालोम." मी विचारले, "म्हणजे शांतीच ना?" ते म्हणाले, "शांती ही त्याची सावली. मूळ अर्थ पुरेपण. कुठे तुटलेलं नाही, कुठे उणं नाही, असं." आणि पुढे सहज म्हणाले, "पैसे चुकते करण्याचं क्रियापदही याच धातूचं आहे."

श्रोतेहो, मी तेथेच थबकलो. शांतता आणि चुकते करणे यांचा एक धातू! पुढे मी पडताळून पाहिले. तोराच्या दुसऱ्या पुस्तकात कोणी कोणाचा बैल चोरला, कोणी दुसऱ्याच्या शेतात जनावर सोडले, तर त्याने काय भरून द्यावे याचे नियम आहेत, आणि 'भरून द्यावे' या ठिकाणी याच धातूचे क्रियापद आहे. आजच्या इस्रायलमध्ये दुकानदाराला पैसे देतात तेही याच क्रियापदाने.

मग मला आपली मराठी आठवली. आपण 'भरपाई' म्हणतो, म्हणजे रिकामे झालेले भरणे. मन तृप्त झाले की आपण म्हणतो, 'भरून पावलो.' हिब्रूने जे एका धातूत ठेवले, ते मराठीनेही एका क्रियापदात ठेवले आहे. अरबी ही हिब्रूची बहीण. तिच्या याच धातूवरून 'सलाम' आणि 'सलामत' आले, आणि ते शब्द आपल्या घरात शिरून बसले आहेत. एसटी पोहोचली की आपण घरी 'सहीसलामत पोहोचलो' म्हणून कळवतो. तो शालोमचाच नातलग होय.

दुसरा शब्द आशीर्वादाचा. हिब्रूत त्याला 'बेराखा' म्हणतात. तोही आपल्याला परका नाही, कारण अरबीतील त्याचा भाऊ म्हणजे 'बरकत'. जुनी माणसे खळ्यावर धान मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत. वाढ व्हावी आणि ती सर्वांना पुरावी, ही इच्छा मापाबरोबरच उच्चारली जाई. बेराखा म्हणजे तेच.

लंगडणारा पुरा माणूस

पण मोडलेल्या माणसाला पुरेपण कसे मिळावे? याचे उत्तर तोराच्या पहिल्या पुस्तकात, याकोबाच्या कथेत आहे. याकोब हा एसावचा जुळा, पण पाठचा भाऊ. बाप इसहाक आंधळा झाला होता. थोरल्याला द्यायचा आशीर्वाद याकोबाने हातांना करडांची कातडी बांधून, भावाचे सोंग घेऊन लाटला. आशीर्वाद मिळाला, पण घर सुटले. भावाने जीव घेण्याची शपथ वाहिली आणि याकोब पळून मामाकडे, लाबानाकडे गेला.

तेथे तो मजूर झाला. आपल्या कामगारांना लाबान ओळखून दाखवावा लागणार नाही. वीस वर्षे याकोबाने त्याची चाकरी केली. दिवसा उन्हाने व रात्री थंडीने तो झिजला. लाबानाने त्याची मजुरी दहा वेळा बदलली. जनावराने फाडलेले मेंढरू याकोबाच्या माथी, चोरीला गेलेलेही त्याच्याच माथी! आमच्या आयाबाया दिवसभर वळलेल्या बिड्या घेऊन जातात आणि ठेकेदार त्यातील मूठभर बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. त्या बिड्यांची मजुरी नाही, पान-तंबाखू मात्र खर्ची पडलेले. ही कथा मी त्यांना सांगतो, तेव्हा त्या म्हणतात, "हा तं आपलाच हाय."

अखेर याकोब बायकामुलांसह परत निघाला. वाटेत भाऊ चारशे माणसे घेऊन येत असल्याची बातमी आली. त्या रात्री यब्बोक ओढ्याच्या काठी तो एकटा राहिला असता एक अनोळखी पुरुष त्याच्याशी पहाटेपर्यंत झोंबत राहिला. याकोबाच्या जांघेचा सांधा उखळला, तरी त्याने मिठी सोडली नाही. आशीर्वाद दिल्यावाचून सोडणार नाही, असा त्याने हट्ट धरला. त्याला आशीर्वाद मिळाला आणि 'इस्रायल' हे नावही मिळाले. सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत चालला होता.

बहुतेक प्रवचनकार येथे थांबतात. मला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. याकोबाने भावासाठी शेळ्या, मेंढ्या, उंट, गाई, गाढवे मिळून साडेपाचशे जनावरे पाठवली. एसाव म्हणाला, मला पुष्कळ आहे, तुझे तुला असू दे. तेव्हा याकोबाने ती घेण्याचा आग्रह केला आणि शेवटी त्या भेटीला त्याने जो शब्द वापरला तो 'बेराखा', म्हणजे आशीर्वाद. वीस वर्षांपूर्वी जे लाटले होते, तेच नाव घेऊन त्याने परत केले. आणि यानंतर थोड्याच ओळींनी ग्रंथ सांगतो की, याकोब शखेम नगराला 'शालेम', म्हणजे पुरा, सुखरूप पोहोचला.

आता हा क्रम पाहा. लबाडीने मिळालेल्या आशीर्वादाने तो पुरा झाला नाही. झोंबून मिळालेल्या आशीर्वादानेही ग्रंथ त्याला 'शालेम' म्हणत नाही. हा शब्द येतो तो देणे चुकते केल्यानंतर. प्राचीन यहुदी आचार्य म्हणत की, तो शरीराने, धनाने आणि विद्येने पुरा होता. म्हणजे त्याची जांघही बरी झाली असे ते मानत. मी अडाणी माणूस, मला वाटते की लंगडत असला तरीही तो पुराच होता.

माझे देणे

हे मला का भिडले ते आता सांगतो. वीसएक वर्षांपूर्वी एका कारखानदाराविरुद्ध आम्ही काम बंद केले. हजार बिड्यांमागे दर वाढवून हवा होता. चाळीस दिवस गेले. मधल्या काळात मालकाच्या माणसाने मला एकट्याला गाठून अर्धी वाढ देण्याची तयारी दाखवली. मी ती धुडकावली. पुरी वाढ मिळेल याची मला खात्री होती. पण हे मी बायांना सांगितले नाही. निर्णय त्यांचा होता आणि तो मी एकट्याने घेतला. शेवटी संप मोडला, हाती काही लागले नाही. कोणी भांडी गहाण टाकली, कोणी पोराची शाळा सोडवली. आणि मी सभांतून मालकाला शिव्या देत राहिलो. त्या शिव्या खोट्या नव्हत्या, पण त्यांच्या आड मी लपलो होतो.

त्यानंतर मला झोप येईना. काम चालू होते, पण आत काहीतरी उखळले होते. अशा मनःस्थितीत मी अलिबागेस गेलो होतो. परत आल्यावर चौथे पुस्तक वाचताना एक नियम सापडला : ज्याने दुसऱ्याचे नुकसान केले त्याने ते तोंडाने कबूल करावे, मूळ भरून द्यावे आणि वर पाचवा हिस्सा अधिक द्यावा. आधी कबुली, मग भरपाई.

मी बायांची सभा बोलावली आणि सगळे सांगितले. कोणी रडले नाही, कोणी रागावले नाही, बराच वेळ कोणी बोललेही नाही. मग एक म्हातारी उठली. तिने त्या संपात कानातले विकले होते. ती म्हणाली, "मले तं तवाच मालूम होतं, भाऊ. तू सांगशीन कवा, थेच पाहात होती." आणि ती खाली बसली.

तिचे कानातले मी परत देऊ शकलो नाही. पण त्या दिवसापासून आमच्या संघटनेत एक नियम आहे : मालकाकडून आलेला प्रस्ताव, मग तो लहान असो की मोठा, त्याच आठवड्यात सर्वांपुढे वाचला जाईल. माझा पाचवा हिस्सा तो. पुढच्या लढ्यांत आम्ही काही जिंकलो, काही हरलो. पण हरलो ते सर्वांनी मिळून ठरवून हरलो, आणि अशी हार माणसाला मोडत नाही.

अडचणीच्या काळातील आशीर्वाद

यहुदी समाजाचा इतिहास विपत्तींनी भरलेला आहे. इ. स. पूर्व 597 मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेमच्या लोकांना पकडून नेले, तेव्हा यिर्मया नावाच्या प्रेषिताने त्यांना पत्र पाठवले. त्याने सुटकेची घाई केली नाही. घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्या नगराचे शालोम चिंता, कारण त्याच्या शालोमात तुमचे शालोम आहे, असा त्याचा आशय. कोकणातील गलबत फुटलेल्या माणसांपाशी हे पत्र नव्हते. पण गावाचे आडनाव घेऊन आणि गावाला तेल पुरवून ते नेमके तेच जगले.

1948 मध्ये इस्रायल राष्ट्र झाले आणि बेने इस्रायलांपैकी बहुसंख्य तिकडे गेले. तेथे त्यांना स्वतःच्याच घरात उपरेपणा आला. 1962 साली तेथील मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले की, त्यांचे लग्न इतर यहुद्यांशी लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. ज्यांनी पुस्तकाविना धर्म जपला, त्यांच्याच रक्ताची शंका! ते गप्प राहिले नाहीत. 1964 मध्ये त्यांनी यरुशलेमात ठिय्या दिला. त्या ऑगस्टात तेथील संसदेने ते सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे यहुदी असल्याचे जाहीर केले आणि ते फर्मान मागे घेतले गेले. श्रद्धावान माणसाने सहन करावे आणि बसून राहावे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा ठिय्या आठवावा. शालोम मागणे आणि हक्क मागणे यांत त्यांना भेद वाटला नाही. तेथे त्यांनी मराठीही सोडली नाही. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी इस्रायलमधून चालवले. इकडे महाराष्ट्र शासनाने 2016 साली यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

शेवटी एका आशीर्वादाविषयी सांगून थांबतो. तोराच्या चौथ्या पुस्तकात याजकांनी लोकांना द्यावयाचा एक आशीर्वाद आहे. मूळ हिब्रूत त्याचे शब्द अवघे पंधरा. पहिल्या ओळीत तीन, दुसरीत पाच, तिसरीत सात. ओळ मोठी होत जाते, जणू माप वाढत जाते. 1979 मध्ये यरुशलेमजवळच्या एका जुन्या थडग्यात रुप्याच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले होते. सुमारे सव्वीसशे वर्षांपूर्वी कोणीतरी ते गळ्यात बांधून वावरत होते.

या आशीर्वादात मला दोन गोष्टी दिसतात. तो साऱ्या जमावाला उद्देशून देतात, पण त्यातील संबोधन एकवचनी आहे. 'तुम्हा सर्वांना' नव्हे, तर 'तुला'. सभेत हजार माणसे असली तरी प्रत्येक जण एकटाच आपली जांघ चोळत बसलेला असतो, हे तो जाणतो. आणि त्याचा शेवटचा, पंधरावा शब्द आहे : शालोम. ज्या ठिकाणी हा आशीर्वाद सांगितला आहे, त्याच्या आधीच्या अध्यायात तो नियम आहे, कबुलीचा आणि पाचव्या हिश्श्याचा. मी ती पाने उलटली तेव्हा मला वाटले, ग्रंथाने हिशेब आधी मांडला आणि आशीर्वाद मागून दिला.

दिवस कठीण आहेत, हे आपणास सांगायला नको. धानाचा भाव, पोरांची नोकरी, घरचे आजारपण, प्रत्येकाची यादी निराळी. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर आपण कोणाचे काही देणे लागतो का, पैशाचे, मजुरीचे, कबुलीचे किंवा नुसत्या एका शब्दाचे, एवढे आठवून पाहावे. आणि आठवले तर सूर्य मावळण्यापूर्वी जाऊन यावे. वाट लंगडत चालावी लागली तरी हरकत नाही.